टीसी नाही, तरी वर्गात

सकाळी ९.३०. ठाणा पेट्रोल पंपावर बसमधून उतरून जवाहरनगरच्या बाजूला शाळेकडे चालत निघते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जुलैत इकडे रोवणी आणि दाखले यांची घाई एकदमच.

१०.४५. परिपाठ संपतो तोच एक आई लेकीला घेऊन व्हरांड्यात उभी. पिशवीत जन्माचा दाखला, आधार कार्ड, तिसरीचं प्रगतिपत्रक आहे. टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, नाही.

"फी बाकी आहे, भरल्याबिगर टीसी नाही म्हणते, मॅडम. दोन चकरा झाल्या. एका चकरेत रोवणीचा रोज बुडते."

पोरगी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.

"टीसी मागाहून येईल, ताई. पोरीला आजच बसवू."

ही माझी मेहरबानी नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ मधलं कलम ५ सांगतं: मूल शाळा बदलत असेल तर जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यावा, उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये. दाखला रखडवणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. जनरल रजिस्टरमध्ये नाव चढवते. आई अंगठा देत नाही, सही करते, सावकाश, पूर्ण नावाची.

१.३०. खिचडी. पोरगी आधी बाजूला बसते, मग ओळीत सरकते.

२.१५. पोर्टलवरून जुन्या शाळेला विनंती पाठवते, सोबत कलम लिहून पत्रही.

३.३०. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. तीन चतुर्थांश सदस्य पालकच. सकाळची गोष्ट सांगते. एक वडील विचारतात, "मग पोराला केंद्रीय विद्यालयात किंवा खासगीत नेता येते का?" नाही. बदलीचा हा हक्क केंद्रीय विद्यालयात आणि खासगी विनाअनुदानित शाळेत लागू नाही. अशा खासगी शाळेत मात्र पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर त्यातून सूट देणारा नियम राज्याने ९ फेब्रुवारी २०२४ ला आणला. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला तो रद्द केला. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. कोणत्या दारात उभं राहायचं हे गरिबालाही ठरवता यावं.

५.००. कुलूप लावते. टीसी अजून आलेली नाही; चौथीच्या हजेरीत मात्र आज एक नाव वाढलं.

तुमच्या ओळखीत दाखल्यापायी कुणाचं मूल घरी बसलं असेल, तर उद्याच त्याला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घेऊन जा.