दोन झाडांतले अंतर

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आमच्या घराण्याची जुनी वंशावळ नव्या कागदावर उतरवून काढीत बसलो होतो. जीवशास्त्र शिकणारी आमची कन्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे झाड आडनावाचं. माझ्या नाकाचं झाड काढलंत, तर ते आजीच्या माहेरी जाईल!"

मी हसलो, पण तिचे बोलणे निव्वळ थट्टेचे नव्हते. प्राण्यांच्या प्रत्येक जनुकालाही अशी स्वतंत्र वंशावळ असते, आणि ती त्या प्राण्याच्या वंशावळीशी जुळतेच असे नाही. माणसाचा सर्वांत जवळचा आप्त चिंपांझी, गोरिला त्यानंतरचा. परंतु २०१२ साली गोरिलाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की, त्याच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला माणसाला किंवा चिंपांझीला जितका जवळचा आहे, तितके ते दोघे एकमेकांना नाहीत.

मग दोन झाडांतला फरक मोजावा कसा? रॉबिन्सन आणि फोल्ड्स यांनी १९८१ साली मांडलेली रीत अगदी सोपी आहे. माणूस, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान ही चार पाने समजा. झाडाची मधली फांदी कापली की पानांचे दोन गट पडतात. पहिल्या झाडात माणूस-चिंपांझी एकीकडे, उरलेले दोघे दुसरीकडे. दुसऱ्या झाडात माणूस-गोरिला एकीकडे. पहिल्यातली वाटणी दुसऱ्यात नाही, म्हणून एक. दुसऱ्यातली पहिल्यात नाही, म्हणून आणखी एक. अंतर झाले २. झाडे सारखी असतील तर शून्य. पाने शेकड्यांनी असली की फांदीगणिक हीच तपासणी संगणक करतो.

"म्हणजे एक झाड चुकलेलं!" पेपर तपासणाऱ्याच्या सवयीने मी म्हणालो.

"कधी कधी चूक असतेही, बाबा. पण दोन्ही खरी असू शकतात. पूर्वजांमध्ये एकाच जनुकाची दोन रूपं नांदत होती. वंश लागोपाठ फुटले, तेव्हा कोणतं रूप कोणाकडे टिकलं, हा योगायोग. आकडा नुसतं अंतर सांगतो; कारण आपण शोधायचं."

मी पुन्हा कागदाकडे पाहिले. सात पिढ्यांत एकाही बाईचे नाव नव्हते. जिचे नाक माझी मुलगी मिरवते, ती माझी आईसुद्धा त्यात नव्हती. वंशावळ खोटी नव्हती, अपुरी होती.

मी पेन उघडले आणि वडिलांच्या नावाशेजारी आईचे नाव लिहिले, माहेरच्या आडनावासकट.