लज्जा, अनुताप आणि कतारचा इसहाक

आज ज्या कतारचे नाव आपल्याकडे नैसर्गिक वायू, उत्तुंग इमारती आणि तेथे पोटासाठी गेलेली आपली माणसे यांच्या संदर्भातच उच्चारले जाते, त्या मुलखाने सातव्या शतकात ख्रिस्ती धर्मविचाराला एक असा साधुपुरुष दिला की, पाप, लज्जा आणि मनुष्याची इच्छाशक्ती यांचा परस्परसंबंध त्याच्याइतक्या करुणेने उलगडणारा दुसरा ग्रंथकार मला तरी आढळलेला नाही. त्याचे नाव इसहाक. कतारचे द्वीपकल्प, बहारीनची बेटे आणि लगतचा अरबी किनारा मिळून होणाऱ्या प्रांतास सिरियाक भाषेत बेथ कत्राये म्हणत, आणि इस्लामचा उदय झाल्यानंतरही काही काळ तेथे पूर्वेकडील सिरियाक मंडळीचे बिशप व मठ नांदत होते. या प्रांतातील बिशपांनी मुख्य धर्माध्यक्षाची, म्हणजे कॅथोलिकोसाची, हुकमत झुगारली होती. कॅथोलिकोस पहिला गिवर्गिस याने इ. स. ६७६ मध्ये दारीन येथे धर्मपरिषद भरवून तो तंटा मिटविला, आणि त्याच गिवर्गिसाने इसहाकाला निनवेच्या बिशपपदाची वस्त्रे दिली.

ते पद त्याने अवघ्या पाच महिन्यांत सोडले. कारण ईश्वरास ठाऊक, एवढेच जुना चरित्रकार ईशोदनाह लिहितो. मागाहून रचलेल्या एका आख्यायिकेत मात्र असे येते की, एक सावकार आणि एक कर्जदार आपली फिर्याद घेऊन या नव्या बिशपापुढे आले, आणि सावकार मुदतवाढीस राजी होईना, तेव्हा इसहाकाने त्याला येशूच्या शिकवणुकीची आठवण दिली. शुभवर्तमान तूर्त बाजूला ठेवावे, असे सावकाराने बजावताच, जेथे शुभवर्तमानाला प्रवेश नाही तेथे आपले काय काम, असा विचार करून इसहाक चालता झाला. कथा खरी असो वा कल्पित, ती त्याच्या स्वभावाशी पूर्णपणे जुळते. पुढे तो खुजिस्तानच्या डोंगरांत एकांतवासात राहिला, रब्बान शापूरच्या मठात अखेरची वर्षे त्याने काढली, आणि अखंड वाचनाने त्याची दृष्टी गेली असे परंपरा सांगते.

इसहाकाचा विचार नीट समजण्यासाठी सुमारे अडीचशे वर्षे मागे जावे लागते. पश्चिमेत संत ऑगस्टीनने असे प्रतिपादले की आदामाचा अपराध वंशपरंपरेने प्रत्येक अर्भकापर्यंत पोहोचतो आणि ईश्वरी कृपेवाचून मनुष्याच्या इच्छेला सत्कर्माकडे वळण्याचे बळ उरलेले नाही. ४१८ च्या कार्थेज परिषदेने या मताच्या विरोधकांना दोषी ठरविले. पूर्वेकडे ज्याला केवळ ‘भाष्यकार’ म्हणून ओळखत, त्या मोप्सुएस्तियाच्या थिओडोरने याउलट भूमिका घेतली: मनुष्य पाप करतो ते स्वेच्छेने, जन्मस्वभावाने नव्हे, आणि हे मर्त्य जीवन म्हणजे इच्छाशक्तीला चांगल्यावाइटाचे शिक्षण देणारी पाठशाळा होय. इसहाक या थिओडोरच्याच परंपरेत वाढला. वारशाने आलेले पाप पाश्चात्त्य ख्रिस्ती मनावर शतकानुशतके जे दडपण ठेवून आहे, ते त्याच्या लेखनात जवळजवळ नाही. तथापि मनुष्य पूर्णतः स्वतंत्र आहे, असेही तो म्हणत नाही. अपूर्ण युगात स्वातंत्र्यही अपूर्णच राहणार, हे त्याला पुरते ठाऊक होते.

लज्जा आणि अपराधभावना यांतील भेद येथे स्पष्ट होतो, आणि माझ्या मते याच भेदावर सारा प्रश्न उभा आहे. अपराधाला निवड लागते. जेथे अन्य काही करणे शक्यच नव्हते, तेथे दुःख असेल, खेद असेल, परंतु अपराध नाही. लज्जेला निवडीची गरज लागत नाही. ती आपण केलेल्या कृत्यावर न थांबता आपल्या अस्तित्वावरच शिक्का मारते, आणि म्हणून तिची पहिली प्रेरणा लपण्याची असते: एदेन बागेत आदाम झाडांआड गेला तो याच प्रेरणेने. येशूला धरून देणारा यहूदा आणि त्याला नाकारणारा पेत्र या दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परतही केली. परंतु यहूदाने आपला निवाडा आपणच केला आणि फासाला जवळ केले, तर पेत्र रडला आणि शिष्यांतच राहिला. पहिला आपल्या अपराधाशी एकरूप झाला, दुसऱ्याने वळण्याची शक्यता सोडली नाही. आपल्या संतांनी देवापुढे स्वतःला पतित म्हणवून घेतले ते याच दुसऱ्या वाटेने. त्यांच्या कबुलीत लपणे नाही, हक्काची हाक आहे.

इसहाकाने या हाकेला ईश्वराच्या बाजूने आधार दिला. ईश्वराला न्यायी कसे म्हणावे, असा धाडसी प्रश्न तो विचारतो आणि द्राक्षमळ्याच्या दृष्टांताकडे बोट दाखवितो. त्या दृष्टांतात दिवसभर राबलेल्या मजुराला आणि शेवटच्या घटकेला आलेल्या मजुराला धनी सारखीच मजुरी देतो. उधळ्या पुत्राच्या कथेतील बापही कसलाच हिशेब मागत नाही.

आजच्या दोह्यात हा मजुरीचा दृष्टांत ऐकणाऱ्यांत खरोखरीच मजूर असतात. शहराच्या सीमेवरील मेसैमीर येथे अमिराने दिलेल्या जागेवर रोझरी मातेचे चर्च उभे आहे. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. साप्ताहिक सुटी शुक्रवारची म्हणून गर्दीही शुक्रवारी. मार्च २००८ मध्ये त्याचा अभिषेक केला तो कार्डिनल आयव्हन डायस यांनी. ते जन्माने वांद्र्याचे, आणि त्यापूर्वी मुंबईचे आर्चबिशप होते. परदेशी राबणाऱ्या माणसाच्या मनावर जे ओझे असते, ते पुष्कळदा अपराधाचे नसतेच. आई अंत्यवस्थ असता रजा मिळाली नाही, लेकरू बापाला फोनवरच ओळखू लागले, गावच्या कर्जाचा हप्ता चुकला: यांत त्याची निवड किती होती? तरीही तो स्वतःस दोषी धरतो. अशा माणसाला क्षमेचा उपदेश करणे क्रौर्याचे आहे. त्याला आधी सांगावयास हवे ते हे की, याची क्षमा मागण्याचे त्याला कारणच नाही. त्याने खरोखर केलेला अन्याय निराळा, आणि त्याची कबुली निराळी. या दोहोंची गल्लत होऊ न देणारा धर्मगुरू मी थोर मानतो.

इसहाकाचे सर्वांत धाडसी विचार त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात आहेत. हा भाग नष्ट झाला असेच समजले जाई. १९८३ साली सेबॅस्टियन ब्रॉक या विद्वानास त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात सापडले. ईश्वर सूडापोटी शिक्षा देत नाही, आणि नरकाचाही शेवट त्याच्या प्रीतीतच व्हावयाचा, असे तेथे त्याने लिहिले आहे. नरकयातना म्हणजे प्रीतीविरुद्ध पाप केल्याचे भान होय, असे तो अन्यत्रही म्हणतो; हा दाह बाहेरून कोणी लावलेला नाही. त्याच्या काही मतांना त्याच्या हयातीतच दानिएल बर तुबानिथा या बिशपाने कडाडून विरोध केला होता. रोमन कॅथॉलिक मंडळीने मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या हुकमाने, एका ‘परक्या’ मंडळीच्या या साधूचे नाव आपल्या हुतात्मे व संतांच्या अधिकृत यादीत समाविष्ट केले.

अखेरीस सर्वांनाच क्षमा मिळणार असेल, तर पापापासून दूर का राहावे, हा आक्षेप सहज सुचणारा आहे, आणि इसहाकालाही तो अपेक्षित होता. नरकाला मर्यादा असली तरी त्याची चव भयंकर आहे, आणि ती किती काळ सोसावी लागेल हे कोणी जाणत नाही, अशी सावधगिरीची सूचना तो त्याच दुसऱ्या भागात देतो. मला मात्र याहून बळकट उत्तर त्याच्या एकूण विचारात दिसते. भीतीने आवरलेली इच्छा स्वतंत्र नसते. कोतवालाची पाठ फिरताच ती मोकाट सुटते. ज्याने आपल्यावरील प्रीती ओळखली, त्याला दुखावणे नको वाटते. आणि हे नको वाटणे हाच मनुष्याच्या इच्छेचा पहिला खरा स्वतंत्र निर्णय होय.