पडद्यावरचा उजेड आणि चिमूटभर इरिडियम

कोलकात्यात एस्प्लनेडला, म्हणजे तिथल्या लोकांच्या धर्मतल्याला, संध्याकाळी उतरा. समोरच व्हिक्टोरिया हाऊस दिसेल. 1899 पासून या शहराला वीज पुरवणाऱ्या कंपनीचं हे मुख्यालय. तिथून चालत गेलात की थोड्याच वेळात चांदनी बाजार लागतो. दिवे, पंखे, वायरी आणि मोबाइल दुरुस्तीची ओळीनं दुकानं. फुटलेला फोन पुढे केला की विचारणा होते, ‘ओलेड घालायचा की साधा?’ ओलेड अर्थातच महाग. का बरं?

दोन्ही पडदे शेजारी ठेवून काळं चित्र लावा. साधा पडदा राखाडी दिसेल, कारण त्याच्यामागे दिवा सतत जळत असतो. ओलेड मात्र काळाकुट्ट! त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र दिवा. तो पेटतो, विझतो. हा दिवा सेंद्रिय रसायनाच्या पातळ थराचा असतो. एका बाजूनं इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूनं धनभाराच्या ‘पोकळ्या’ येतात. त्यांची गाठ पडली की उजेड.

पण इथे निसर्गानं एक खोडी करून ठेवली आहे. जुळणाऱ्या दर चार जोड्यांपैकी सरासरी एकच उजेड देऊ शकते. उरलेल्या तिघींना क्वांटम नियमांची आडकाठी असते. त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जाते. कोडॅक कंपनीच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 साली पहिला कामाचा ओलेड जगापुढे मांडला, तेव्हाही हीच अडचण होती. त्यांच्या रसायनात धातू होता, पण अॅल्युमिनियम. हलका! चार आण्यांची मिठाई आणि बारा आणे वाया, असा व्यवहार.

मार्ग निघाला तो जड धातूंमुळे. जड अणूच्या केंद्राजवळ इलेक्ट्रॉन इतक्या वेगानं फिरतो की त्याची गिरकी आणि कक्षेतली फेरी एकमेकींत गुंततात आणि ती आडकाठी सैल होते. 1998 मध्ये अमेरिकेत स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्प्सन यांच्या गटांनी प्लॅटिनमचं संयुग वापरून हे दाखवलं. पाठोपाठ इरिडियम आलं आणि चारही जोड्या कामाला लागल्या. इरिडियमच्या अणूला तीन सेंद्रिय ‘हात’ जोडतात. खरी कारागिरी या हातांत. त्यांची घडण बदलली की हिरव्याचा लाल होतो, फ्लोरिनचे अणू जोडले की आकाशी निळा.

गाडी अडते ती गडद निळ्यावर. निळ्या प्रकाशात ऊर्जा जास्त, इतकी की रेणूचे स्वतःचेच बंध तुटू लागतात. म्हणून बहुतेक फोनांत लाल-हिरवा नव्या पद्धतीचा, तर निळा अजून जुन्याच, उधळ्या पद्धतीचा आहे. त्याची भरपाई म्हणून पुष्कळ पडद्यांत निळा ठिपका मुद्दाम मोठा ठेवतात.

शिवाय इरिडियम दुर्मीळ. जगभरात वर्षाला जेमतेम काही टन निघतं, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. मग दुसरा धातू का नको? या प्रश्नावर आपल्या नागपुरातही काम झालं आहे. एन. तेजो कल्याणी, संजय ढोबळे आणि रामचंद्र पोडे यांनी युरोपियमची संयुगं बनवून ती पारदर्शक प्लास्टिकमध्ये मिसळली. युरोपियम आपल्याला नवा नाही. जुन्या रंगीत टीव्हीतला लाल रंग त्याचाच! इथे सेंद्रिय भाग अँटेनासारखा ऊर्जा झेलतो आणि धातूला देतो; धातू स्वच्छ लाल प्रकाश फेकतो. थोडं युरोपियम काढून यट्रियम किंवा टर्बियम घातलं तर चमक उलट वाढते, असं त्यांना आढळलं.

म्हणून उद्याच स्वस्त पडदा येईल असं मात्र समजू नका. अतिनील दिव्याखाली चमकणं वेगळं आणि वीज सोसत हजारो तास जळणं वेगळं. युरोपियम प्रकाश सोडायला वेळ लावतं. वीज वाढवली की त्याची दमछाक होते. इरिडियमची बरोबरी त्याला अजून करता आलेली नाही.

चांदनीत दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या ओलेड फोनांवर कधी कधी कीबोर्डची पिवळसर सावली कायमची उमटलेली दिसते. तिथला निळा आधी थकलेला असतो. कारागिरापाशी त्याला एकच इलाज : पूर्ण पडदा बदलणं.