लेकराला घेऊन माहेरी जाताना

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात एसटीने माहेरी जाताना आम्ही पहिली गाडी धरतो. दीड वर्षाचं लेकरू तहान सांगत नाही, नुसतं किरकिरतं. म्हणून ते मागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने उकळून गार केलेलं पाणी पाजतो. अंगावरचं दूधही चालूच ठेवतो.

पिशवीत ओआरएस हवंच. मोठं पाकीट १ लिटर पाण्यात सगळं एकदम घालायचं, थोडं थोडं नाही. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. २ वर्षांच्या आतल्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने.

रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, लघवी होत नाही, लेकरू पेंगतंय, तर वाटेतच उतरा. माहेर नंतर, आधी दवाखाना.