चर्चमधील जरीवस्त्रांचा काळनिर्णय

मिस्साच्या वेळी धर्मगुरू जो बिनबाह्यांचा रेशमी झगा परिधान करतात, त्याचे रंग १५७० च्या रोमन उपासनाग्रंथाने निश्चित केले : हुतात्म्यांच्या सणाला तांबडा, प्रायश्चित्तकाळी जांभळा. गोव्यातील अशा जुन्या वस्त्रांचा काळ ठरविणे मात्र सोपे नाही. जरीच्या भाराने रेशीम विरते. मग भरतकाम कापून नव्या कापडावर चढविले जाते. कापड एका काळाचे, टाके दुसऱ्या काळाचे.

ग्रंथाभ्यासकांना ही स्थिती परिचित आहे. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची राचोल येथे १६१६ मध्ये छापलेली एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. नव्या कापडावरून वस्त्र अर्वाचीन ठरविणे हे उशिराच्या नकलेवरून ग्रंथ उशिराचा मानण्यासारखे होय. म्हणून दोन्ही थर स्वतंत्रपणे नोंदविणे अगत्याचे आहे.