विश्लेषण : चेहऱ्यातून विजेसारखी कळ… गोळ्या की शस्त्रक्रिया?

दात घासताना, दाढी करताना किंवा पंख्याचा वारा गालाला लागताच चेहऱ्याच्या एका बाजूने विजेचा झटका बसावा तशी कळ जाते आणि काही क्षणांत थांबते. घास चावला की पुन्हा तीच कळ. अभिनेता सलमान खानने जाहीरपणे सांगितल्यामुळे ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ हे या आजाराचे नाव अनेकांच्या कानावर पडले. त्याने २०११ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली होती. मात्र प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागत नाही आणि केवळ भीतीपोटी वर्षानुवर्षे गोळ्या वाढवत राहणेही योग्य नाही. मग निर्णय घ्यायचा कसा?

हा आजार नेमका काय?

चेहऱ्यावरील संवेदना मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या पाचव्या मज्जातंतूला ट्रायजेमिनल म्हणतात. त्याच्या तीन शाखा कपाळ, गाल आणि जबडा या भागांत पसरलेल्या असतात. बहुतेक रुग्णांत मेंदूच्या बुंध्याजवळ एखादी रक्तवाहिनी या तंतूवर दाब देते. त्यामुळे तंतूवरचे आवरण झिजते आणि साध्या स्पर्शाचा संदेशही वेदना म्हणून मेंदूकडे जातो. काही रुग्णांत मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा गाठ हे कारण असते. हा आजार पन्नाशीनंतर आणि महिलांमध्ये अधिक आढळतो.

दातदुखी समजून चूक का होते?

कळ हिरडीत किंवा दाढेत जाणवते, म्हणून रुग्ण आधी दंतवैद्याकडे जातो. रूट कॅनाल होते, दाढ काढली जाते, तरी कळ थांबत नाही. किडलेल्या दाताचा ठणका बराच वेळ टिकतो. या आजारातील कळ मात्र सेकंदांपासून जास्तीत जास्त दोन मिनिटांपर्यंत असते, हलक्या स्पर्शानेही उठते आणि बहुधा एकाच बाजूला राहते. एक्स-रेमध्ये दात निरोगी दिसत असेल, तर तो काढण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञाचे, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टचे मत घ्यावे. काढलेला दात परत येत नाही.

औषधांनी किती फरक पडतो?

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. फिट्सवर दिले जाणारे कार्बामाझेपिन हे १९६० च्या दशकापासून या आजाराचे प्रमुख औषध आहे. ऑक्सकार्बाझेपिन हा त्याचा जवळचा पर्याय. सुरुवातीला बहुतेकांना चांगला आराम मिळतो. डोस वाढला की गुंगी, चक्कर, तोल जाणे, विसरभोळेपणा असे त्रास होऊ शकतात. रक्तातील सोडियम कमी होऊ शकते, म्हणून अधूनमधून रक्ततपासणी लागते. काही जणांना त्वचेची गंभीर रिअॅक्शन येते. तिचा धोका एका विशिष्ट जनुकाशी जोडलेला असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांची हे औषध देण्यापूर्वी जनुकीय तपासणी करण्याची सूचना केली. अंगावर पुरळ उठल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे. एरवी गोळ्या मनाने अचानक बंद करू नयेत.

शस्त्रक्रियेचा विचार कधी?

योग्य डोस घेऊनही कळ थांबत नसेल किंवा औषधांचे दुष्परिणाम रोजचे काम करू देत नसतील, तर शस्त्रक्रियेची चर्चा व्हायला हवी. युरोपीय मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. म्हणजे शस्त्रक्रिया हा सगळे संपल्यावरचाच मार्ग नव्हे.

पर्याय कोणते?

‘मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन’मध्ये कानामागे कवटीला लहान छिद्र पाडून रक्तवाहिनी आणि तंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. पिट्सबर्गचे डॉ. पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रुजवली. त्यांच्या गटाने १९९६ मध्ये अकराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. मात्र ही कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया आहे. ऐकू कमी येणे, मेंदूभोवतीचे पाणी झिरपणे, संसर्ग आणि क्वचित पक्षाघात किंवा मृत्यू हे धोके त्यात असतात.

दुसऱ्या पद्धतीत गालातून सुई घालून उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा फुग्याच्या दाबाने तंतू बधिर करतात. आराम लवकर मिळतो, पण चेहऱ्याला बधिरता येऊ शकते आणि काही वर्षांत दुखणे परतण्याची शक्यता अधिक असते. गॅमा नाइफमध्ये चिरफाड नसते, किरणांचा मारा केला जातो; परिणाम दिसायला मात्र आठवडे ते महिने लागतात. वय जास्त असेल किंवा मोठी भूल झेपणार नसेल, तर हे पर्याय पुढे येतात.

दुसरे मत कसे घ्यावे?

एक मत न्यूरॉलॉजिस्टचे आणि एक ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या न्यूरोसर्जनचे असावे. एमआरआयचा फक्त अहवाल न नेता सीडीही न्यावी. रक्तवाहिनीचा दाब पाहण्यासाठी खास बारकाईचा एमआरआय लागतो. कळ कधी, कशाने आणि किती वेळा येते याची नोंद आणि आतापर्यंतच्या औषधांची डोससह यादी जवळ ठेवावी. सर्जनला थेट विचारावे : माझ्या एमआरआयमध्ये दाब स्पष्ट दिसतो का? अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या? किती जणांना बधिरता आली? दुखणे परतले तर पुढे काय?

वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना कळ येत असेल, चेहरा सतत बधिर राहत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर तपासणी लांबवू नये. बाकीच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा आजार अनेकदा काही आठवडे किंवा महिने आपोआप शांत होतो, पण तो बरा झाला असे नसते. कळांनी हैराण झालेला माणूस समोर येईल त्या उपायाला होकार देतो. त्यामुळे दुखणे शांत असतानाच दोन्ही डॉक्टरांना भेटून ठेवणे शहाणपणाचे.