भरती नसलेल्या नद्यांवरचे किनारपक्षी

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे दोन्ही नागपूरपासून ५०० किलोमीटरहून अधिक दूर असले, तरी किनारपक्षी म्हणजे केवळ समुद्राचे पक्षी नव्हेत. पाणी आणि जमीन यांच्या सीमेवर चरणारे व उघड्या जमिनीवरच अंडी घालणारे टिटवी, चिखल्या, आर्ली यांसारखे पक्षी, आणि त्यांच्या शेजारी घरटी करणारे मासेखाऊ सुरय, हे मध्य भारतातील नद्यांच्या रेतीवर आणि धरणांच्या काठांवरही वीण करतात. समुद्रकाठच्या घरट्याचे भवितव्य भरती ठरवते, तर विदर्भातील नदीपात्रात ते धरणाचे दार ठरवते. आणि या दोन पाण्यांपैकी पक्ष्याच्या दृष्टीने अधिक घातक पाणी धरणाचे आहे.

समुद्रावर साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने भरती येते, परंतु तिची उंची रोज सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन पाणी सर्वाधिक चढते, ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात विभागली जाते आणि पाणी कमी चढते, ती भांगाची. दोन उधाणांमधील अंतर पंधरा दिवसांहून किंचित कमी असते, तर किनाऱ्यावर आणि नदीवर अशा दोन्ही ठिकाणी वीण करणाऱ्या छोट्या सुरयाची अंडी उबण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे किमान एक उधाण सोसल्यावाचून त्याचे पिल्लू अंड्याबाहेर येत नाही. म्हणून उधाणाने वाळूवर सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेच्या वर जागा धरणे हाच त्याचा उपाय ठरतो, मात्र तेथे कुत्री, कोल्हे आणि माणसे यांचा वावर अधिक असतो. समुद्राने अंडी नेल्यावर टिटवीने त्याच्याशी वैर धरल्याची पंचतंत्रातील कथा सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्षातील टिटवी मात्र समुद्राशी भांडत नाही, दुसरी अंडी घालते. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसणारे बहुतेक चिखले आणि तुतवार उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांत वीण करणारे असल्याने त्यांच्यासाठी तेथील भरती हा केवळ जेवणाच्या वेळेचा प्रश्न असतो. चढते पाणी त्यांना चिखलावरून काठाकडे ढकलत आणते, आणि म्हणूनच जाणकार निरीक्षक पूर्ण भरतीच्या आधीचे तास निवडतात.

विदर्भातील नद्यांचे मूळ वेळापत्रक याहून सोपे होते. पावसाळा सरला की पात्र आटू लागे, ते थेट मृगापर्यंत. त्यामुळे हिवाळ्याअखेर उघडे पडलेले रेतीचे बेट जूनपर्यंत कोरडे राहणार, हे गृहीत धरूनच या पक्ष्यांचा विणीचा हंगाम घडला आहे. छोटा आर्ली हिवाळ्यातच विणीला लागतो, तर नदी सुरय प्रामुख्याने मार्च ते मे या काळात अंडी घालतो. धरणांनी हे गृहीतक मोडले. पेंच नदीवरील तोतलाडोह येथे १६० मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र असून तेथून सुटणारे पाणी खाली नवेगाव खैरीला अडवले जाते आणि कालव्यांना व नागपूर शहराला पुरवले जाते. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरण उभे आहे, ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. सिंचनाचे उन्हाळी आवर्तन, विजेची मागणी किंवा पिण्याच्या पाण्याची निकड यांनुसार ऐन एप्रिल-मे महिन्यांत पाणी सोडले गेले, तर पात्रातील सखल बेट काही तासांत बुडू शकते. भरतीचे कोष्टक वर्षभर आधी छापता येते. विसर्गाला अशी तिथी नसते.

घरटे म्हणजे तरी काय, तर रेतीत छातीने घासून केलेला बशीएवढा खळगा. त्यात टिटवीची अंडी बहुधा चार असतात आणि ती निमुळती टोके आत करून मांडलेली असतात, त्यामुळे ती कमी जागेत मावतात आणि अंगाखाली पुरती झाकली जातात. नागपूरचे तापमान ४५ अंशांवर जाते तेव्हा उबवणे म्हणजे ऊब देणे नव्हे, तर ऊन अडवणे: पक्षी अंड्यांवर सावली धरून उभा राहतो, मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि परत येऊन तो ओलावा अंड्यांना देतो. छायाचित्राच्या मोहाने कोणी भरदुपारी जवळ गेले आणि पक्षी बराच वेळ उठून राहिला, तर पाण्याचा थेंबही न चढता अंडी वाया जातात. दुर्बिणीने लांबून आणि सकाळीच पाहावे, हा नियम म्हणून येथे शिष्टाचारापुरता नाही.

जलाशयाच्या काठाची तऱ्हा उलटी आहे. तेथे उन्हाळ्यात पाणी ओसरते, बुडालेले उंचवटे बेटांसारखे वर येतात आणि सुरयांना ते सोयीचे वाटतात. पण पाणी आणखी उतरले की तेच बेट काठाला जुळते आणि कुत्र्याला किंवा कोल्ह्याला चालत जाता येते. मोकळ्या झालेल्या बुडीत जमिनीवर गाळपेर होते, गुरे चरतात. नदीत टरबूज-डांगराच्या वाड्या आणि रेतीघाटांवरचे ट्रॅक्टर असतात. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, या समजुतीला आधार नाही. तिला पुढच्या नव्हे, त्या दिवशीच्या पाण्याची पातळी दिसत असते.

राज्य शासनाने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला, तो मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना धरून. परंतु तो स्थलांतरितांच्या आगमनाचा काळ असल्याने रेतीवरची वीण त्यातून निसटते. विसर्ग मुळीच नको, असे कोणी म्हणू शकत नाही. मात्र पाणी हळूहळू वाढले, किंवा अंडी घालण्याआधीच पात्र एकदा भरून वाहिले, तर पक्षी आपोआप वरची जागा धरतात. घात होतो तो अंडी पडल्यानंतरच्या एकाएकी चढण्याने. मार्चमधील अंडी वाहून गेल्यास नदी सुरयाला पुन्हा मांडणी करण्यास अवधी असतो. मेच्या मध्यावर ती गेली, तर उबवणीचे तीन आठवडे आणि पिल्लू उडू लागेपर्यंतचे साधारण चार, असे सात आठवडे त्याला लागतात, आणि मृग नक्षत्र त्यापूर्वीच लागलेले असते.